डाव्या चाकाचे आटे

“दादा, तुझा जोर कमी पडतोय. कबूल कर आणि बाजूला हो,” आत्या म्हणाली.

“जोर मोजायला तराजू घेऊन बसलीस का? पाइप धर आणि गुमान ओढ.” थोरले काका गाडीखालून बोलत होते. बाहेर दिसत होत्या त्यांच्या फक्त दोन चपला, त्याही वेगवेगळ्या जोडातल्या.

सकाळचे दहा वाजले होते. आत्याची दुधाची पिकअप अंगणात एका बाजूला मान टाकल्यासारखी उभी होती. पुढची डावी बाजू जॅकवर, जॅकखाली फळी, मागच्या चाकांना दगड. डावं चाक काढून शेडच्या पत्र्याला टेकवलेलं. चाकामागची ब्रेकची तबकडी उघडी पडली होती, आणि तिला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर. काल उतारावर या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. पॅड संपले होते, तबकडीवर नांगरल्यासारखे चरे पडले होते. दोन्ही बदलायचं तर कॅलिपर त्याच्या बैठकीसकट काढायला हवा. बैठक दोन बोल्टांवर बसलेली. खालचा बोल्ट लोहारानं सकाळीच येऊन काढून दिला होता आणि तो घोड्याचे नाल ठोकायला निघून गेला होता. वरचा हलत नव्हता.

आत्या रोज अठ्ठावीस घरांचं दूध भरते आणि घाट उतरून शीतकेंद्रावर पोचवते. नऊ वर्षं ही फेरी तिची. या महिन्यात गाडीनं दोनदा दगा दिला, दोनदा दूध नासलं. काल केंद्रावरच्या साहेबानं फोनवर सरळ सांगितलं, उद्या पाचच्या आत गाडी दारात दिसली नाही तर परवापासून फेरी दुसऱ्या टेम्पोला. आत्यानं ते आम्हाला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तशा आवाजात. जेवण मात्र तिनं अर्धंच केलं.

“काका, नीट फिरवताय ना?” मी वाकून विचारलं.

“अगं, एकतीस वर्षं ट्रक चालवलाय मी. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवलं की सुटतात. हे तुमच्या कॉलेजात नाही शिकवत.”

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांचे नट खरंच उलट्या आट्यांचे होते. ते नट त्यांनी पावसात, चिखलात, आजारपणात हजारदा उघडले असतील. गावात कुणाचंही डावं चाक काढायचं झालं की लोक आधी काकांना विचारत, आणि काका आधी हेच सांगत.

मला मात्र बोल्ट मुळात हलतोय का, एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी घरातून नखांना लावायचं लाल पॉलिश आणलं आणि बोल्टच्या डोक्यापासून बैठकीपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

“आता बोल्टला नटवणार का?” आत्या म्हणाली.

“रेघ तुटली तर बोल्ट हलला. नाही तुटली तर आपण नुसता घाम गाळतोय.”

“शिकलेली आहे ती, तिला करू दे,” काका म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, ते गाडीखालून कळलं नाही.

पाण्याच्या नळाचा हातभर पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला होता. आत्या आणि मी मिळून ओढत होतो, काका खालून पाना बोल्टच्या डोक्यावर दाबून धरत होते. अकराच्या सुमारास पाना बोटभर सरकला.

“हलला,” काका म्हणाले. “सांगत होतो की नाही?”

आत्यानं कपाळ पदरानं पुसलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. पण त्यानंतर बोल्ट दगड झाला. आम्ही दोघी पाइपला लोंबकळलो तरी तो तसूभर जागचा ढळेना. हलायला लागलेली वस्तू अशी अचानक थांबते कशी, ते मला पटत नव्हतं.

मी रेघ पाहायला खाली सरपटले. रेघ तुटली होती. म्हणजे बोल्ट फिरला होता खरा, पण सुटायच्या बाजूला की आवळायच्या? मग बाहेर आले आणि सुट्या भागांची पिशवी उपडी केली. त्यात नवे चार बोल्ट होते, दोन डाव्या चाकाचे, दोन उजव्या चाकाचे, सगळे एकाच पुडीत. डाव्याचे आटे उलटे असते तर पुड्या दोन लागल्या असत्या. तरी खात्री हवी म्हणून काकांच्या डब्यातला एक साधा नट घेतला आणि चारही बोल्टांवर चढवून पाहिला. चारही वेळा तो नेहमीसारखाच चढला. मग सकाळी लोहारानं काढलेला जुना बोल्ट उचलला. त्यावरही तो तसाच चढला.

आता हे काकांना सांगायचं कसं? मी शब्द जुळवत होते. पण आत्यानं माझ्या हातातला बोल्ट पाहिला, नट पाहिला, माझं तोंड पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “बाहेर ये.”

“का?”

“सकाळपासून तू तो घट्ट करतोयस.”

चपला हलायच्या थांबल्या. मग काका कोपरांवर रेटत बाहेर आले, अंगभर माती. त्यांनी बोल्ट घेतला, नट चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. चष्मा काढून पुसला आणि नट तिसऱ्यांदा चढवला.

“ट्रकची गोष्ट वेगळी होती,” ते म्हणाले.

“ट्रकचं चाक होतं, हा ब्रेक आहे,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.” ते बोल्टकडे बघत राहिले. “झालाय मात्र चांगला घट्ट. आता हा या गाडीला आयुष्यभर पुरेल.”

आत्याला हसू आवरेना. ती पाइपावर बसून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, कारण घड्याळात बारा वाजून गेले होते.

तेवढ्यात लोहार परत आला. त्याला झालेला प्रकार कळला तेव्हा तो काकांकडे पाहून नुसता मिशीत हसला. “उस्ताद, मला थांबवायचं होतं की.”

“तू खालचा काढलास तेव्हा बोलला का नाहीस, कुठल्या बाजूनं काढला ते?”

“तुम्हाला कोण सांगणार, उस्ताद?”

लोहारानं खाली वाकून पाहिलं. “पण गंज इतका कसा? उजवं चाक बघा, निम्मासुद्धा नाही.”

हा प्रश्न मलाही सकाळपासून पडला होता. मी अंगण पाहिलं. नळ डावीकडे. आत्या रोज परत आली की तिथे कॅन विसळते आणि निथळायला पुढच्या डाव्या मडगार्डवर पालथे घालते. ती उंची तिच्या कमरेला बरोबर येते. नऊ वर्षं आंबलेल्या दुधाचं पाणी या एका चाकावर ठिबकत होतं. त्यातलं आम्ल लोखंड खातं. मी ते बोलून दाखवलं.

“म्हणजे दोष माझा,” आत्या म्हणाली.

“अर्धा,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा बराच खुलला होता.

मग काम बदललं. लोहारानं तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, बोल्टच्या डोक्यावर पान्याची जाड गोटी ठोकून बसवली. ब्रेकच्या रबरी नळीवर मी ओलं पोतं गुंडाळलं, कारण ती भाजली तर सगळंच संपलं. लोहारानं गॅसच्या बत्तीची निळी ज्योत बैठकीवर धरली, बोल्टवर नाही. बाहेरचं लोखंड आधी तापून फुगलं तर बोल्टला जागा मिळेल, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यानं हे कधीच वाचलं नव्हतं आणि तो माझ्यापेक्षा चांगलं जाणत होता. बत्ती बाजूला घेऊन त्यानं मेणबत्ती आट्यांच्या कडेला टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. हातोड्याचे चार ठोके, हलके, दारावर पाहुण्यानं टकटक करावी तसे.

“आता कोण ओढणार?” लोहारानं विचारलं.

काकांनी हात पँटला पुसले आणि पाइप आत्यापुढे केला. “गाडी तुझी आहे. डावीकडे. हिसका नको, अंगाचा भार टाक.”

आत्यानं भार टाकला. काही झालं नाही. तिनं श्वास सोडला, पाय रोवले, पुन्हा टाकला.

टक्.

असा आवाज बोल्ट सुटल्यावर येतो, तुटल्यावरही येतो. काका गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी गोटी फिरवली. ती जड फिरली, कुरकुरत, पण अडखळली नाही. आट्यांतून तांबडी भुकटी सांडत राहिली, आणि मग अख्खा बोल्ट त्यांच्या तळहातावर आला.

“अख्खा आहे,” ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. नवी तबकडी, नवे पॅड, आट्यांना ग्रीस. नवे बोल्ट लोहारानं घट्ट केले. काका शेजारी उभे राहून “उजवीकडे, उजवीकडे” म्हणत होते, जणू लोहाराला शंका होती. साडेतीनला चाक चढलं. अंगणात, मग रस्त्यावर, आत्यानं गाडी सहा वेळा पळवून थांबवली. सहाही वेळा ती सरळ थांबली. चारला दूध भरलं.

घाटात मी आत्या आणि काकांच्या मध्ये बसले होते. मागे कॅन एकमेकांना टेकून खडखडत होते. पहिल्या वळणावर आत्यानं ब्रेक दाबला आणि गाडी आज्ञाधारकपणे मंदावली. आवाज नाही, ओढ नाही. तेव्हा माझं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. दर वळणावर त्यांचा उजवा पाय समोरचा पत्रा दाबत होता, घोट्याच्या शिरा ताणून.

आत्यालाही ते दिसलं. “दादा, ब्रेक माझ्याकडे आहे.”

“ठाऊक आहे मला.” पुढचं वळण आलं, पाय पुन्हा दाबला गेला. “तू दाब तुझा. मी आपला सोबतीला दाबतोय.”

पाचला बारा मिनिटं कमी असताना केंद्राचं फाटक दिसलं, आणि दोघांनी मिळून गाडी थांबवली.