देवाला दाखवलेला सिनेमा

कोवितचा सिनेमा वाईट आहे हे अख्ख्या घाटबाजाराला ठाऊक होतं आणि पाहिला मात्र कुणीच नव्हता. घाटबाजारात मत बनवायला सिनेमा पाहावा लागत नाही, मोबाईल असला की भागतं. सुक्या मासळीवाली किमताई, बाजाराच्या भाषेत जे किम, रोज सकाळी टोपल्या मांडून झाल्या की चष्मा नाकावर चढवायची आणि बँकॉकच्या प्रेक्षकांनी काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायची. मोठ्याने अशासाठी, की समोरच्याच ठेल्यावर कोवितची आई वानपेन नारळाच्या दुधाचे आप्पे, म्हणजे खानोम क्रोक, साच्यात ओतत बसलेली असायची.

कुणी लिहिलं होतं, पडदा इतका काळाकुट्ट की थिएटरवाल्यांनी बिल भरलं नाही की काय अशी शंका आली. कुणी लिहिलं होतं, बर्फाच्या कारखान्यात खून होतो, पोलीस सिगरेट ओढतो, खुनी सिगरेट ओढतो, आणि पावणेदोन तास बर्फच तेवढा काहीतरी करतो, तो वितळतो. नवख्या दिग्दर्शकाने आधी दिवा लावायला शिकावं, असं एका मुलीने सुचवलं होतं. आणखी एकाने दोन तारे दिले होते, एक पॉपकॉर्नला आणि एक खुन्याच्या आईला. हे आईचं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. बाकी सगळा ‘रात्रपाळीचा बर्फ’ सिनेमा पाण्यात गेला तरी चालेल, ती म्हातारी तेवढी वाचवा.

वानपेनला या लिहिणाऱ्यांची मनापासून किळस होती. पोटभर खायचं, गार हवेत बसायचं आणि दुसऱ्याच्या तीन वर्षांच्या कष्टांवर अंगठ्याने थुंकायचं. पण जे किमला उत्तर द्यायची वेळ आली की ती शिव्या देत नसे. कोरडे हात उगीचच एप्रनला पुसायची आणि म्हणायची, "सात दिवस चालला. गर्दी होती म्हणून तर लोक चिडले. विचारा कुणालाही."

खरं तर चार दिवस चालला होता. तीन थिएटरांत, दुपारच्या खेळाला. हे कोवितने तिला फोनवर सांगितलं होतं आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

हे एवढ्यावर निभावलंही असतं, पण मध्ये देव आला. सिनेमा लागायच्या आधी वानपेनने घाटावरच्या देवाला, चाओ फोला, नवस बोलला होता, की पोराचा सिनेमा बँकॉकात पुरते सात दिवस चालू दे, मी तुला तोच सिनेमा आणून दाखवीन. बोलली तेव्हा शेजारी जे किम स्वतःच्या मुलीच्या परीक्षेसाठी उदबत्त्या लावत उभी होती आणि तिचे कान सुक्या मासळीसारखे कडक उभे होते. त्यामुळे सात हा आकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला पाठ झाला. आता नवस फेडला नाही, तर सिनेमा पडला हे वानपेनने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं. फेडला, तर देव पावला, सात दिवस झाले, जे किमचा मोबाईल खोटा. म्हणून फेडायचा. देवाला फसवायची तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण तीन थिएटरं आणि प्रत्येकी चार दिवस म्हणजे बारा दिवस होतात, असा हिशेब तिने उदबत्ती न लावता, लांबूनच देवाला ऐकवून ठेवला.

कोवित सिनेमा घेऊन आला तो तोंड पाडूनच. तीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या ठेल्यामागे उभा राहिला की दहावीत नापास झाल्यासारखा दिसायचा. त्याने आधी सांगून पाहिलं की देवाला मारामारीचे सिनेमे आवडतात, त्यातला एखादा लावू. मग म्हणाला की आवाज नीट यायचा नाही. शेवटी ती चिडली.

"आमची लाज वाटते का रे तुला? आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला कळायचा नाही?"

"तसं नाही, आई. तू अजून पाहिला नाहीस."

"पाहिला की. पहिल्या खेळाला तुझ्या शेजारी नव्हते का बसले?"

बँकॉकच्या त्या पहिल्या खेळाला वानपेन नव्या सपाता घालून बसली होती आणि दहाव्या मिनिटाला जी झोपली ती टाळ्यांनीच जागी झाली होती. पहाटे तीनला उठून नारळ खवणारी बाई, अंधार झाला की तिचे डोळे मिटणारच. पण उठल्या उठल्या तिने शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं होतं की फारच सुंदर झालाय.

नवसाच्या सिनेमाला प्रेक्षक लागत नाहीत. लुंग सवाट, म्हणजे सवाटकाका, चाळीस वर्षं देवांना सिनेमे दाखवत होता. टेम्पोतून जनरेटर आणायचा, देवळाच्या दाराकडे तोंड करून बांबूंवर पडदा ताणायचा, यंत्र लावायचं आणि समोर एक कुत्रं बसलेलं असलं तरी शेवटपर्यंत चालवायचं. मध्येच बंद केला तर नवस फिटत नाही. त्या शनिवारी मात्र अंधार पडायच्या आत मैदान चटयांनी भरून गेलं. दुसऱ्याचं नाक कापलं जाताना बघायला घाटबाजार जेवण सोडून येतो. जे किम तर पहिल्या रांगेत, भाजलेल्या सुक्या माकुळांची पुडी घेऊन. वानपेन तिच्या शेजारीच जाऊन बसली, कारण लांब बसली असती तर घाबरली असं झालं असतं. कोवित टेम्पोपाशी उभा राहिला, पाठ पडद्याकडे करून.

लुंग सवाटने माईकवरून देवाला आमंत्रण दिलं आणि सिनेमा सुरू झाला. म्हणजे झाला असावा, कारण पडद्यावर काही दिसेना. मागून कुणीतरी विचारलं की लुंग, यंत्राचं झाकण काढलंस का. पाच मिनिटांनी एका माणसाने सिगरेट पेटवली तेव्हा तो माणूस आहे हे कळलं. मासे विकणाऱ्या बायकांनी त्याला लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. खून झाला, पण कुणाचा झाला यावर चटयांवर दोन तट पडले. लुंग सवाट स्वतःही माईक बंद करायला विसरला होता, त्यामुळे त्याचं मत सगळ्या घाटाने ऐकलं. तो म्हणाला, एवढ्या चाळीस वर्षांत देव पहिल्यांदा झोपला असेल.

अर्ध्या तासात निम्म्या चटया गुंडाळल्या गेल्या. उठणाऱ्या प्रत्येकाला वानपेनने मनातल्या मनात नावं ठेवली. हा दारुडा, याला सरळ रेषेत चालता येत नाही आणि याला सिनेमा कळतो. ही चार नवऱ्यांची, हिला गोष्ट लांबली म्हणे. पण खरं सांगायचं तर तिलाही काही कळत नव्हतं. बर्फाच्या लादीवरून पाणी ठिबकताना तीन मिनिटं दाखवलं तेव्हा तिच्या मनात आलं, या पोराला मी लहानपणी जास्तच लाडावून ठेवलं.

मग ती आई आली.

पडद्यावर पहिल्यांदाच नीट उजेड पडला. एक बाई रस्त्याकडेला केळी तळत होती. पोलीस येऊन तिला विचारतो, परवा संध्याकाळी तुझा मुलगा कुठे होता. बाई हात एप्रनला पुसते. हात कोरडेच असतात. म्हणते, "घरीच होता. माझ्यासमोर जेवला. माशाचं कालवण होतं, दोनदा भात घेतला. विचारा कुणालाही."

मैदानात आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. निघालेले लोक चटई काखेत धरून जागीच थांबले. वानपेनच्या कानशिलांना चटका बसला. तिने मान वळवली नाही, तरी सगळे पडद्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त बघताहेत हे तिला पाठीने कळलं.

पडद्यावरची बाई थांबतच नव्हती. पोलिसाने विचारलं नव्हतं तेही सांगत होती. मुलगा शाळेत कसा पहिला यायचा, कारखान्यातले साहेब त्याला कसे मानतात, नोकरी सुटली नाही हो, रजेवर आहे. हे ‘रजेवर आहे’ वानपेनचंच होतं. कोवितने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा दोन वर्षं ती बाजारात हेच सांगत होती, रजेवर आहे. तिला वाटायचं, पोराला काय माहीत. पोराने एकेक शब्द जपून ठेवला होता. तिला भयंकर राग आला. परक्यांनी थुंकलं ते थुंकलं, पण घरच्यानेच पडद्याएवढी करून आपल्याला लोकांपुढे टांगावं? उठून जावं असं तिला वाटलं, आणि उठली तर सगळ्यांना दिसणार म्हणून ती बसून राहिली.

हळूहळू हसू थांबलं. पोलीस दुसऱ्यांदा आला तेव्हा बाईने माशाच्या कालवणात चिंच होती असं सांगितलं, तिसऱ्यांदा आला तेव्हा कैरी होती असं. तिच्या लक्षातही आलं नाही. पोलिसाच्या आलं. चटयांवर कुणी माकुळ चावत नव्हतं की खोकत नव्हतं. पोराला गाडीत घालून नेताना बाई गाडीमागे धावते आणि ओरडून सांगते की साहेब, चिंचच होती, मला आठवलं. पोरगा काचेतून तिच्याकडे बघतो. त्याला तिचा राग आलेला नसतो. त्याला फक्त तिने थांबावं असं वाटत असतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की वानपेनने खाली बघितलं.

"ही खरी आहे," जे किम हळूच म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. त्याने वानपेनला जास्तच लागलं.

सिनेमा संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी उठलंही नाही, कारण खरा शेवट अजून व्हायचा होता. नवस फेडणाऱ्याने उदबत्त्या लावून देवाला सगळ्यांसमक्ष सांगायचं असतं, की मी काय मागितलं, तू काय दिलंस, आणि आता आपलं फिटलं. लुंग सवाटने माईक आणून तिच्या हातात दिला. वानपेनने उदबत्त्या पेटवल्या, गुडघे टेकले आणि सुरुवात केली.

"देवा, मी वानपेन, घाटबाजारातली. मी मागितलं होतं की माझ्या पोराचा सिनेमा सात दिवस चालू दे. तू…"

पुढचं वाक्य तयार होतं. महिनाभर घोळवलेलं, बारा दिवसांच्या हिशेबासकट. तिचा मोकळा हात एप्रनकडे गेला आणि तिला तो जाताना दिसला. मागे सगळा बाजार बघत होता. त्यांनाही तो दिसला असणार. टेम्पोपाशी कोवित आता तिच्याकडे तोंड करून उभा होता. काचेआडून बघणाऱ्या त्या पोरासारखाच तो बघत होता.

"चार दिवस चालला," वानपेन म्हणाली. "दुपारचा, रिकाम्या खुर्च्यांपुढे. सात तुझ्याच्याने झाले नाहीत. तेव्हा मी तुझ्या नवसाचं काही देणं लागत नाही, आज दाखवला तो माझ्या हौसेने. मलासुद्धा निम्मा कळला नाही." ती थांबली. माईकमधून तिचा श्वास सगळ्या घाटावर ऐकू गेला. "ती बाई मी आहे."

"ते आम्हाला कळलं, वानपेनताई," जे किम चटईवरून म्हणाली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

लोक पांगायला लागले. लुंग सवाट दोऱ्या सोडू लागला. कोवित आईजवळ येऊन बसला.

"सगळ्यांना सांगायची काय गरज होती?"

"तू सांगितलंसच होतंस की," ती म्हणाली. "मी नुसते दिवस सांगितले."

तो काहीतरी समजावून सांगायला लागला, की ती बाई वाईट नाहीये, लोकांना तीच आवडली. वानपेनने त्याला थांबवलं. तिला ठाऊक होतं ते, तिच्याच समोर रोज सकाळी मोठ्याने वाचलं जात होतं. तिने तीन उदबत्त्या उरल्या होत्या त्या त्याच्या हातात कोंबल्या.

"धर. पुढच्या सिनेमासाठी माग काहीतरी. आणि चारच दिवस माग. तेवढं जमतं त्याला."