सावळेरामाचं पोट आणि छापील ओळ

सावळेरामाचं पोट इंग्रजीत छापून आलं होतं, आणि ते त्याच्या बायकोला, लंकाबाईला, दोन वर्षांनी कळलं. कळलं तेही भाचीमुळे. लंकाबाईच्या भावाची लेक प्रतिभा मंचरला एका लॅबमध्ये कामाला आहे. मामाच्या पोटात पुन्हा गाठ झाली म्हटल्यावर तिने त्या दुखण्याबद्दल मोबाइलवर शोधाशोध केली, आणि डॉक्टर लोकांच्या एका मासिकात तिला मामाच्या हॉस्पिटलचं आणि त्याचं पहिलं ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांचं नाव दिसलं. सोबत फोटो होता. त्यात चेहरा नव्हता, नुसतं चार भोकं पाडलेलं पोट, आणि बेंबीशेजारी लहानपणी दिलेल्या डागण्यांचे तीन वण. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं पोट ओळखायला चेहरा लागत नाही.

प्रतिभाने मराठी करून वाचायला घेतलं. केवढी मोठी गाठ आणि ती कशी दुर्बिणीतून काढली, याचं कौतुक दोन पानं चाललं होतं. शेवटाला एक ओळ होती. ऑपरेशननंतर रोगी तपासणीला परत आलाच नाही. मेंढरांमागे भटकणाऱ्या अडाणी समाजातला असल्याने त्याला उपचाराचं महत्त्व कळलं नसावं.

लंकाबाईने ती ओळ तीनदा वाचून घेतली. अडाणी म्हटल्याचं तिला फारसं लागलं नाही. अंगठा लावणारा माणूस, त्यात लपवायचं काय? पण आलाच नाही? इतकं धडधडीत खोटं, आणि तेही छापून? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती काही केल्या उतरेना.

कारण तो गेला होता. कसा गेला होता, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ही माणसं मेंढरंवाली. पेठच्या वरच्या अंगाला माळावर घर, पण दिवाळी झाली की मेंढरांचा अख्खा वाडा हलायचा. घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन माळशेज उतरायचा आणि मुरबाडच्या बाजूला भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवत पावसाळ्यापर्यंत कोकणातच राहायचं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्याची गाठ धरते, हे मोठ्या सरांनीच तीन वर्षांपूर्वी समजावून सांगितलं होतं. नारळाएवढी गाठ त्यांनी काढली आणि आठव्या दिवशी सावळेराम चालत घरी आला. लंकाबाई कृतघ्न नाही. सरांच्या हाताला यश आहे हे तिने तेव्हाही कबूल केलं होतं, सरांच्या नावाने बिरोबाला नारळही फोडला होता.

घरी सोडताना सरांनी बजावलं होतं की संक्रांतीनंतरच्या मंगळवारी यायचंच. सोनोग्राफी करू, मग पुढच्या गोळ्या देऊ, नाहीतर गाठ पुन्हा धरेल. त्या मंगळवारसाठी सावळेराम सोमवारी पहाटे वाड्यावरून निघाला. मेंढ्या विण्याचे दिवस, एकेका रात्रीत पाच-सहा कोकरं पडत होती. तरी सगळं भावाच्या अंगावर टाकून तो दोन तास चालत डांबरीला लागला, एसटीने घाट चढून आळेफाट्याला आला, तिथून दुसरी गाडी धरली. मंगळवारी सकाळी आठला तो हॉस्पिटलच्या बाकावर हजर होता. खिडकीवरच्या पोरीने त्याच्या केस पेपरवर तारखेचा ठप्पा मारला. मग कळलं की सर नाहीत, परिषदेला दिल्लीला गेलेत.

दुसऱ्या डॉक्टरांना त्याने हात जोडून विचारलं, तर ते म्हणाले की ही सरांची खास केस आहे, आम्ही हात लावणार नाही. गोळ्याही सरांच्या सहीशिवाय मिळायच्या नाहीत. एवढी खास केस, की तिच्याकडे कुणी बघितलंच नाही! सावळेराम गुरुवारपर्यंत व्हरांड्यात झोपला. शेवटी सिस्टरने त्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला आणि सर आले की फोन करतील म्हणून सांगितलं. तो फोन कधी आलाच नाही. मोठ्या माणसाचा फोन येत नाही म्हणजे आपलं बरं चाललंय, अशी या भल्या माणसाची समजूत, म्हणून तो निवांत राहिला.

आता एक सोडून दोन गाठी झाल्या होत्या. भरती झाला त्या दिवशी सरांनी शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर त्याला सुनावलं की वेळेवर आला असतात तर ही पाळी आली नसती. सावळेरामाने मान खाली घातली आणि "चुकलं सायेब" म्हणाला. खाटेवर पडल्या पडल्याही तो तेच घोकत होता की आपण आणखी चार दिवस थांबायला हवं होतं. लंकाबाईला गाठीपेक्षा हे जड जात होतं. दुखणं काय, कुणालाही होतं. पण न केलेली चोरी या माणसाने आपल्या अंगावर घेतली होती, आणि ऑपरेशनच्या टेबलावर काही बरंवाईट झालं असतं तर तीच घेऊन तो वर गेला असता.

तेवढ्यात मोबाइलवर वाचत बसलेल्या प्रतिभाला त्या लेखाखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी सापडलं. हा लेख आधी दिल्लीच्या परिषदेत वाचला होता असं लिहिलं होतं, आणि पुढे तारीख होती. केस पेपर लंकाबाईने रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. प्रतिभाने तो मोबाइलशेजारी धरला आणि दोन्हीकडच्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"काय झालं?" लंकाबाईने विचारलं.

"आत्या, एकच तारीख हाय."

म्हणजे सर त्या मंगळवारी दिल्लीला सावळेरामाचं पोट पडद्यावर दाखवत होते, आणि सावळेराम तेच पोट घेऊन त्यांच्या दारात बसला होता. तिथे टाळ्या पडल्या असतील. इथे याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर राउंडला आले तशी लंकाबाई पिशवी घेऊन पुढे झाली. सावळेराम खाटेवरून "जाऊ दे ना गं" म्हणत राहिला, पण तिने केस पेपर सरांच्या हातात दिलाच. सरांनी ठप्पा पाहिला, मागेपुढे उलटून पाहिला. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. ठप्पा खिडकीवर मारतात, माझ्यापर्यंत काही आलंच नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रोग्याशी संपर्क राहिला नाही की तसं लिहायची पद्धत असते, छापलेलं आता बदलता येत नाही, आणि शिवाय नाव कुठे दिलंय? कुणाला कळणार आहे?

"आमाला कळलं की," लंकाबाई म्हणाली.

घोळक्यातलं कुणीतरी खाली बघून हसलं. सरांनी घड्याळ पाहिलं आणि हाताखालच्या डॉक्टर आरतीला उद्याच्या ऑपरेशनचे कागद आपल्यादेखतच उरकून घ्यायला सांगितले.

कागद दोन होते. आरती वयाने लहान, पण कामात चोख होती. न वाचता अंगठा घ्यायचा नाही हा तिचा नियम, म्हणून ती खाटेशेजारी स्टुलावर बसली. पहिला कागद ऑपरेशनचा. भूल, रक्त, दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, सगळं तिने नीट सांगितलं. सावळेरामाने शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला. दुसरा कागद छापण्याच्या परवानगीचा होता. या खेपेचे फोटोही सरांना मासिकात द्यायचे होते, आणि काय छापणार ते थोडक्यात खाली लिहिलेलं होतं. आरती वाचत गेली, "पहिल्या ऑपरेशननंतर रोगी ठरल्या वेळी तपासणीला आला नाही, त्यामुळे..." आणि तिथे अडखळली. तिने सरांकडे पाहिलं.

"वाचा पुढे," सर म्हणाले.

सावळेरामाचा अंगठा कागदाच्या वर वीतभर थांबला होता.

आणि गंमत बघा, इतके दिवस निखाऱ्यासारखी फुललेली लंकाबाई त्या क्षणी भ्याली. सरांच्या कपाळावरची आठी तिला दिसली. उद्या सकाळी याच माणसाच्या हातात चाकू असणार होता. खरं-खोटं मरू दे, आधी माणूस जगू दे, असं तिला वाटलं, आणि तिने नवऱ्याची बाही ओढली. "लावा," ती हळूच म्हणाली. "जाऊ द्या, लावा."

सावळेरामाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो सरांकडे बघत होता, मान वर करून. तिने त्याला या हॉस्पिटलात कधी मान वर केलेलं पाहिलं नव्हतं.

"मी आलो व्हतो, सायेब," तो म्हणाला.

सर म्हणाले, ठीक आहे, ते आपण नंतर बघू. आरतीला त्यांनी दुसरा कागद बाजूला ठेवायला सांगितला.

"बाजूला कशापायी? मला छापायला दिऊ नका असं न्हाई म्हनायचं. आमच्यातल्या दुसऱ्या कुनाला झालं तर त्याला उपेग व्हईल." तो थांबला नाही. "मी मंगळवारी आलो व्हतो. बिस्तरवारपातूर बसलो व्हतो. तुमी नव्हता. एवढंच लिवा, मी अंगठा देतो. आन् न्हाई लिवलं तरी उद्या पोट तुमच्याच हाती हाय, तिथं माझी ना न्हाई."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. लंकाबाईने धरलेली बाही सोडून दिली.

सावळेराम शाईचा अंगठा पुढे धरून बसून राहिला. सरांच्या खिशाला तीन पेनं होती. त्यातलं एकही बाहेर निघालं नाही.