लाइन नव्हती तरी लाभांश

मी एक मशीन आहे, पण माझ्यावर एकदम विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही.

माझा आकार चपलांच्या दोन खोक्यांएवढा. पुढे एक पंखा, मागे एक पंखा, मध्ये आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या तीन पाट्या. दूर देशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. इंटरनेटवरचं आभासी नाणं मिळवण्यासाठी रात्रंदिवस आकडेमोड करायची, एवढंच माझं काम. ते करताना मी इतकी तापायचे की माझ्या मागे उभा राहणारा माणूस घामाघूम व्हायचा. मग माझ्याहून वेगवान मशिनी आल्या आणि मला किलोच्या भावानं भंगारात विकलं. तिथे कुणीतरी माझ्या पोटातल्या तिन्ही पाट्या काढून घेतल्या. उरलं पत्र्याचं खोकं आणि दोन पंखे.

अशा रिकाम्या मशीनला कुणी रंग का देईल? नागपुरात एका कंपनीनं मला नवा रंग दिला, पुढे दिवे बसवले, वर सोनेरी स्टिकर चिकटवलं, तेव्हाच मला शंका आली.

साकोली तालुक्यातल्या एकोडीला, भोजराजभाऊंच्या कृषी केंद्रात, मला काचेच्या पेटीत बसवलं. नारळ फुटला. भाऊंच्या पत्नी रुखमिणीबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. मनिष नावाचा कंपनीचा माणूस म्हणाला, "आमची कंपनी अशा मशिनी बनवते. ही तुमच्या गावची मशीन. ही जे कमावेल, त्यातूनच तुमचा लाभांश. दर पंधरा तारखेला." त्यानं बटण दाबलं. दिवे लागले, पंखे घोंगावले आणि लोकांनी हात जोडले.

समोरच्या भिंतीवर त्यानं एक कागद लावला होता, 'लाभांश धोरण'. शंभराच्या शेअरवर महिन्याला पाच रुपये. ते घरी न नेता कंपनीतच ठेवले तर सहा. मी तो कागद रोज वाचायचे. कमाई कमी झाली तर काय, हे त्यात कुठेच नव्हतं.

पहिला लाभांश ठरल्या दिवशी वाटला गेला. मी तर एक नाणंही कमावलं नव्हतं. मग हे पैसे कुणाचे? सकाळी गावातल्या गोमाजीनं शेअर घेताना दिलेल्या एका नोटेवर हळदीचा डाग होता. दुपारी तीच नोट लाभांश म्हणून आधीच शेअर घेतलेल्या धनीरामच्या हातात गेली. मी काचेतून पाहत राहिले.

मे महिन्यात वादळानं विजेचे खांब पाडले. अकरा दिवस गावात लाइन नव्हती. माझे पंखे बंद, दिवे बंद. आणि पंधरा तारखेला लाभांश मात्र तेवढाच!

"लाइन नसताना बी कमावते बाप्पा!" धनीराम म्हणाला.

गाव चुकलं ते इथेच. शंका यायला हवी होती, तिथे भक्ती आली. लाइन परत आली त्या दिवशी दुकानापुढे रांग लागली.

रांगेत भोजराजभाऊंची चुलत वहिनी कुंताबाई होती. दोन म्हशी विकून आलेले पैसे पदरात बांधलेले. तिची मुलगी तृप्ती बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेशाला दोन महिने होते. तेवढ्यात पैसे थोडे वाढले तर वसतिगृहाचंही भागेल, हा हिशेब.

कुंताबाई नवा धान घेताना राशीत कोपरापर्यंत हात घालते. आत ऊब लागली तर धान ओला. त्याच सवयीनं तिनं पेटीच्या उघड्या मागच्या बाजूनं हात घातला आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवला.

"भाऊजी, हे मशीन थंडी काहून आहे?"

"पंखे आहेत ना, वहिनी. कूलर गरम राह्यते का?" भोजराजभाऊ म्हणाले. रांग हसली.

"माह्या विहिरीवरची मोटार घंटाभर चालली तं हात लावू देत नाही. हे सकाळपासून चालून राहिली अन् माठावानी थंडी?"

"ताई, नवीन टेक्नॉलॉजी आहे," मनिष म्हणाला.

"मंग लाइन नव्हती तवा कायच्यावर चालली? अन् धान बी दोन सालं सारखा होत नाही जी. तुमचाच लाभांश कसा दर महिन्याले सारखा? एकडाव खोलून दाखवा."

"खोललं तर वॉरंटी जाईल."

"वॉरंटी जाईल थे जाईल, लोकाइचे पैसे तं राह्यतीन!"

भोजराजभाऊ चिडले. "हे सारं तुमाले तुमच्या बारावीवाल्या पोरीनं शिकवलं का?"

"नाही जी, म्हशीनं शिकवलं. थे बी दूध द्यायच्या आधी चारा मांगते."

पदराची गाठ तशीच धरून ती निघून गेली. तिच्यामागे चारच माणसं गेली. बाकीच्यांना थांबवावं म्हणून मी जिवाच्या आकांतानं ओरडले. पण माझ्याकडे पंख्याशिवाय दुसरा आवाज नाही. तो ऐकून त्यांचा विश्वास आणखी वाढला.

पुढच्या पंधरा तारखेला लाभांश आला नाही. मनिषचा फोनही लागेना. तरी लोक म्हणाले, "कुंताबाईची नजर लागली." तृप्ती आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. तिची आई मात्र शेतात जाताना या दुकानावरून जात नाही, लांबच्या पांदणवाटेनं जाते.

एका दुपारी भोजराजभाऊंनी शटर ओढून माझ्या पाठीचे चार स्क्रू काढले. आत पाहिलं. रिकाम्या पत्र्यात हात फिरवला. त्यांच्या स्वतःच्याही शेअरचे पैसे गेले होते. मला वाटलं, आता ते गावाला बोलावतील आणि कुंताबाईवरचा आळ जाईल. त्यांनी स्क्रू पुन्हा घट्ट बसवले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

काल लाखांदूरहून एक अनोळखी माणूस आला. "मशीन विकायची आहे म्हणतेत. चालते का?"

भोजराजभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फडक्यानं माझ्यावरची धूळ पुसली आणि बटण दाबलं.

मी आता घोंगावते आहे. तो माणूस मान डोलावतो आहे. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असाल, तर एवढंच सांगा, दिव्यांकडे पाहू नको. स्क्रू चारच आहेत. पैसे देण्याआधी ते काढ.