कपाटातले अकरा दिवस

मी एक जुना पासपोर्ट आहे. माझी मुदत संपली, कोपरा कात्रीने कापला गेला आणि आता मी एका खणात बटणांच्या डबीशेजारी पडून असतो. पण मित्रांनो, माझं खरं आयुष्य त्याआधीच, एका लोखंडी कपाटात संपलं होतं.

छापखान्यातून बाहेर आलो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! कोरी पानं, सोनेरी अक्षरं. माझ्या मालकिणीची स्वतःची कंपनी होती. कंपनी म्हणजे नऊ माणसं, नऊ गावांत आपापल्या घरी बसून चित्रपटांची उपशीर्षकं लिहिणारी. तिचे वडील शिंपी. त्यांनी कोटाच्या उरलेल्या अस्तराचं मला कव्हर शिवलं, दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "जा बाबा, पोरीला सांभाळ." मला अगदी धन्य वाटलं.

मग देश निवडायचं खूळ सुरू झालं. तिचं काम कुठूनही चालत होतं, म्हणजे राहण्याचा परवाना कुठलाही घेता येणार होता. जेवणाच्या टेबलावर तिने मोठा तक्ता मांडला. पाच देश, आणि पुढे कर किती, इंटरनेट कसं, कंपनीची नोंदणी किती दिवसांत. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, देश बघतेयस की स्थळ? पत्रिका पण जुळवून घे!"

शेवटी दोन उरले. एकात नोंदणीला वर्ष लागणार होतं, दुसऱ्यात तीन आठवडे. मात्र त्या दुसऱ्या देशात दर दोन वर्षांनी परवाना वाढवताना पासपोर्ट कचेरीत जमा करावा लागे, आणि तो परत मिळेपर्यंत, फार तर महिनाभर, देश सोडता येत नसे. भावाने ती अट मोठ्याने वाचून दाखवली.

"महिनाभर मी कुठे पळून जाणार आहे?" ती हसली. वडीलही हसले. तिने त्या देशापुढे खूण केली.

दोन वर्षं बरी गेली. कामं वेळेआधी हातावेगळी करायची तिची सवय. परवान्याच्या मुदतीला सहा आठवडे असतानाच तिने मला कचेरीच्या खिडकीतून आत सरकवलं. कारकुनाने मला रबर लावलं आणि शेजारच्या कपाटात टाकलं. खिडकीतलं सगळं बोलणं तिथे ऐकू येत होतं.

दुसऱ्याच दिवशी ती धापा टाकत आली. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, पासपोर्ट आत्ता देतो. पण अर्ज रद्द होईल, आणि एकदा रद्द झाला की पुन्हा करता येत नाही. परवाना जाईल, त्याच्याबरोबर कंपनीची नोंदणीही. बघा, विचार करा."

तिने तिथूनच भावाला स्पीकरवर फोन लावला. डॉक्टरांच्या मते धोका टळला होता. मग वडील बोलले. त्यांचा आवाज खोल गेला होता. "अगं, नऊ घरं आहेत तुझ्या भरवशावर. अर्धवट टाकून येऊ नकोस. मी आहे की."

तिने फोन ठेवला. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, मागून घे, मला मागून घे! पण पासपोर्टचं कोण ऐकतं?

"राहू द्या," ती कारकुनाला म्हणाली.

सहाव्या दिवशी वडील गेले. ती पुन्हा कचेरीत आली, पण तिने काही मागितलं नाही. कारकुनाने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "भाऊ म्हणतोय, आता घाई करू नकोस." मग बाकावर बसली ती कचेरी बंद होईपर्यंत उठली नाही.

अकराव्या दिवशी मी तिच्या हातात पडलो. आणखी दोन वर्षांचा चकचकीत परवाना माझ्या पानावर चिकटवला होता. त्या पानाची मला आजही किळस येते.

आम्ही घरी पोचलो. भावाने दार उघडलं. "आता हवे तेवढे दिवस राहता येईल मला," ती म्हणाली.

"राहा की," तो म्हणाला, आणि तिची बॅग आत घेऊन गेला.

मित्रांनो, पासपोर्ट भिजवू नका, दुमडू नका, असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी नाही सांगणार. मला खुशाल भिजवा, पानं फाडा, चहाचा कप ठेवा माझ्यावर. पण आपलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना मला कुणाच्या कपाटात राहू देऊ नका. ते "मी आहे की" म्हणालं, तरीही नको.