उंदराने कुरतडलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी गॅसची नळी आहे. नारिंगी रंगाची, रबराची. आपली गोष्ट सांगताना सगळे मिरवतात. मला मात्र मान वर करायची सोय राहिलेली नाही.

कारखान्यातून मी शिरूरच्या गॅस एजन्सीत आले आणि तिथून निमोण्याला, झुंबरबाईंच्या ओट्याखाली. सिलिंडरमधला गॅस शेगडीपर्यंत न्यायचा, एवढंच माझं काम. झुंबरबाई मला ओल्या फडक्याने पुसायच्या आणि शेजारणींना म्हणायच्या, "माझी नळी बघा, कशी नव्यावाणी हाय!" मी हुरळून जायचे.

मग बाजरीच्या पोत्यामागच्या उंदराने मला भिंतीकडच्या बाजूने कुरतडलं. बारीकसं भोक पडलं, गॅस बाहेर येऊ लागला. सून सायली म्हणाली, "आत्याबाई, गॅसचा वास येतोय."

नेमका त्याच दिवशी एजन्सीचा रिजवान घरोघरी नळ्या-शेगड्या तपासत येणार होता. त्याला सांगायचं की नाही? पण झुंबरबाईंना घराची अब्रू आडवी आली. "परक्या माणसापुढं घर वास मारतंय, बरं दिसतं का?" असं म्हणत त्यांनी फळीवरच्या देवांपुढे उदबत्त्यांचा अख्खा जुडगा लावला. बाई गं! भडका तेव्हाच उडायचा, नशिबाने वाचलो.

रिजवान आला. "काकू, शेगडी बंद करा, नळी तपासतो."

"आधी च्या घ्या. तसंच जाता व्हय?"

शेगडीवर चहा उकळत राहिला. साबणाचं पाणी लावून बघायची बाटली त्याच्या पिशवीतच राहिली. उदबत्तीपुढे त्याला दुसरा वास आला नाही. जाताना त्याने वाकून माझी पुसलेली बाजू तेवढी पाहिली. "नळी झकास हाय," म्हणाला आणि तपासणी झाल्याची सही घेऊन गेला. माझं कौतुक चाललं होतं आणि मी मागून गळत होते. शरमेने मेले मी!

नळी तपासून झाली म्हणून निर्धास्त होऊन सायलीने संध्याकाळी भाकरी करायला लायटर दाबला. ओट्याखाली साठलेल्या गॅसचा भडका उडाला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचे मालक बापूसाहेब रिजवानला घेऊन आले. "काकू, तपासणीवर सही तुमची हाय. मग चूक कुणाची?"

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. "माझीच. म्या वास लपवला."

रिजवान सुटला होता. पण तो खाली बघत म्हणाला, "न्हाई सायेब. म्या तपासलंच न्हाई. च्या पिऊन गेलो."

"मग जबाबदारी आपली," असं म्हणून बापूसाहेबांनी त्याच्या खांद्यावरची एजन्सीची पिशवी काढून घेतली. त्याचं काम सुटलं. रिजवान चालत घरी गेला.

घरात नवी नळी आली. मी आता परसात पडून आहे. मित्रांनो, गॅसचा वास आला तर लाजू नका. खिडक्या-दारं उघडा, ओरडून सांगा. आलेल्या माणसाला आधी त्याचं काम करू द्या.

इथून खिडकीतून आतलं दिसतं. सायलीच्या हाताला पट्टी आहे, म्हणून झुंबरबाई तिला घास भरवतात. सायली खाते. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.