नवरदेवाचा उपास

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. लोक मला फिशटँक म्हणतात. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. मी आठ फूट लांब आणि अडीच फूट उंच आहे, आणि बारा वर्षांत माझ्यातून पाण्याचा एक थेंबही गळालेला नाही. स्वतःची तारीफ स्वतः करू नये म्हणतात. पण मी नाही केली तर कोण करणार?

माझा जन्म नांदेडचा. व्यंकटी नावाच्या काच कारागिरानं मला बनवलं. त्यानं माझ्या कडा घासल्या, सांधे भरले, मग मला काठोकाठ भरून तीन दिवस माझ्यापाशी बसून राहिला. एका लॉजच्या मालकानं मला बनवून घेतलं होतं. तिथं माझ्यात गोड्या पाण्यातले लाल मासे पोहायचे. पुढं लॉजचा मालक बदलला. नव्या मालकाला माशांची आवड नव्हती. त्यानं मला मागच्या खोलीत ढकललं आणि माझ्यात झाडू उभे केले. पाण्यासाठी जन्मलेल्या माझ्यात तीन वर्षं झाडू आणि फिनेलचे डबे होते. मला तेव्हा लई राग यायचा, पण टाकीनं रागावून करायचं काय?

एकदा त्या लॉजवर लग्नाचं वऱ्हाड उतरलं. त्यात दामिनी होती. उदगीरच्या कॉलेजात ती मत्स्यशास्त्र शिकत होती. तिनं ओढणीनं माझी धूळ पुसली, सांधे बोटानं चाचपून पाहिले आणि आठ दिवसांत मला टेम्पोत घालून उदगीरला नेलं.

दामिनीच्या वडिलांचं, विरूपाक्षप्पांचं, तिथं साड्यांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर घर. दामिनीची आई गंगम्मा मोठी करारी बाई. घर लिंगायतांचं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि अशा घरातल्या मुलीला माझ्यात समुद्राचे शिकारी मासे ठेवायचे होते! लहानसहान मासे नव्हेत, दुसऱ्याला गिळणारे. समुद्र इथून शेकडो कोस लांब. तरी पोरगी हट्टाला पेटली होती. शिक्षण संपलं की तिला हाच धंदा करायचा होता.

अप्पा लेकीपुढं लगेच विरघळले आणि त्यांनी मला दुकानात जागा दिली. गंगम्मांनी मात्र एक अट घातली. दुकान ही लक्ष्मीची जागा, इथं जीव मरता कामा नये. एक जरी मासा मेला तर दुसऱ्या दिवशी टाकी उचलायची आणि दामिनीनं पुन्हा या धंद्याचं नाव काढायचं नाही. दामिनीनं मान डोलावली. मी मात्र हादरले, कारण मला त्या झाडूंची आठवण आली.

मग दामिनीनं मासे कसे निवडले ते ऐका. समुद्राचं मीठ पुडक्यातून येतं. ते गाळलेल्या पाण्यात मोजून विरघळवलं, पाणी महिनाभर नुसतंच फिरवलं. त्यानंतर मासे. शिकारी माशांचा कायदा सोपा आहे. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास. म्हणून दामिनी आधी तोंडं मोजायची, मग अंगं मोजायची, आणि रंग सगळ्यात शेवटी बघायची. गरीब आधी सोडायचा आणि दांडगा शेवटी, म्हणजे दांडग्याला आल्या आल्या सगळं घर आपलंच वाटत नाही.

पहिली आली एक ठिपक्यांची वाम. ती दिवसभर पाइपात बसून नुसतं तोंड बाहेर काढायची, म्हणून तिचं नाव मावशी. मग आला लायनफिश. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंखांना झालरी, चाल संथ. दामिनीनं त्याचं नाव ठेवलं नवरदेव. दिसायला देखणा, पण पाठीवरचे काटे विषारी. हात लागला तर माणूस कळवळेल. शेवटी आला हेकरू नावाचा मासा. जाडजूड, मोठ्या जबड्याचा. त्याचं नाव पैलवान. नवरदेव पसरलेल्या पंखांमुळं पैलवानाच्या तोंडात मावत नव्हता, म्हणून दोघांचं जमलं.

दोन वर्षं सुखात गेली. देगलूर-निलंग्याकडून बस्ता बांधायला आलेली माणसं आधी माझ्यापुढं उभी राहायची. बायका साड्या विसरून नवरदेवाकडं बघत राहायच्या. लेकरं काचेला नाक लावायची. मी अगदी फुगून गेले होते. खाण्याचं तेवढं चोरून चालायचं. मागच्या जिन्याखाली एक छोटा फ्रीज होता, त्यात गोठवलेले झिंगे असायचे. दामिनी लांब चिमट्यानं झिंगा धरून पाण्यात हलवायची, तेव्हाच नवरदेव खायचा. न हलणाऱ्या गोष्टीला तो अन्न समजतच नाही. गंगम्मा त्या वेळी जिन्याकडं फिरकायच्या नाहीत. न बघितलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

यंदा आषाढात दामिनी रत्नागिरीला दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला गेली. कोणाला कधी काय द्यायचं त्याचा कागद तिनं माझ्या काचेला चिकटवला. आणि मग श्रावण लागला.

दामिनीशिवायचा हा माझा पहिलाच श्रावण. तिसऱ्या सोमवारी स्वामीजी पाद्यपूजेला येणार होते. गंगम्मांनी सांगितलं की महिनाभर या वास्तूत वशाट नको. जिन्याखालचा फ्रीज रिकामा झाला, झिंगे कोणा खाणाऱ्याच्या घरी गेले. अप्पांना काही ते पटलं नव्हतं. पण बाजारात सुक्या खाद्याच्या गोळ्या मिळतात, त्यांनी त्या आणल्या. अप्पा स्वतःचीच समजूत घालत म्हणाले, घरातली सगळी माणसं महिनाभर एक वेळ जेवतात, माशांनी थोडं कमी खाल्लं तर काय बिघडलं?

पैलवानानं गोळ्या खाल्ल्या, पण नाइलाजानं. मावशीनं नुसत्याच हुंगल्या. नवरदेवानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गोळ्या त्याच्या नाकासमोरून खाली जायच्या आणि वाळूत कुजायच्या. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. माझं पाणी गढूळ होऊ लागलं. मित्रांनो, पोटात तीन भुकेले शिकारी असताना गप्प राहणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं.

अप्पांना काळजी वाटतच होती. नवव्या दिवशी मल्लेश आला. तो हैदराबादहून मीठ आणि मासे घेऊन पंधरा दिवसांनी यायचा. त्याच्याकडं एक ट्रिगर नावाचा मासा होता, निळापिवळा, डोळे टपोरे. अप्पांनी त्याला पालकाचं पान दाखवलं तर त्यानं ते त्यांच्या बोटांतून ओढून खाल्लं! अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मल्लेशनं सांगून पाहिलं, की हा पालक खातो तसं बाकीचंही सगळं खातो, दामिनीताईला एकदा विचारा. पण अप्पांच्या कानात एकच गोष्ट शिरली होती.

"ह्यो आपल्यातला हाय," ते गंगम्मांना म्हणाले. "पालक खातो. ह्याच्या संगतीनं ते तिघं बी शिकतील."

जन्मभर भाजीभाकरी खाणाऱ्या सरळ माणसाची ती सरळ समजूत होती. जो पाला खातो तो गरीब, जो मांस खातो तो क्रूर. शिवाय रंगही पट्ट्यांना शोभत होते, साडीवर ब्लाऊजपीस शोभतो तसे. अप्पांनी तो विकत घेतला आणि लगेच माझ्यात सोडला. तोंड कोणी मोजलं नाही. दात कोणी बघितले नाहीत. नवा मासा आणू नका असं कागदावर लिहायचं दामिनीला सुचलंच नव्हतं. मला काच फोडून ओरडावंसं वाटलं, पण माझी काय बिशाद!

पहिल्याच दिवशी ट्रिगरनं दगड इकडचे तिकडं केले. दुसऱ्या दिवशी मावशीला पाइपातून हाकललं. तिसऱ्या दिवशी त्यानं नवरदेवाच्या पंखाची झालर कुरतडली. नवरदेव हळू चालणारा, त्यात उपाशी. तो कोपऱ्यात सरकायचा, ट्रिगर मागून यायचा आणि एक तुकडा तोडून जायचा. रोज थोडा थोडा.

त्याच आठवड्यात दामिनीचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, आता सुटलो! पण अप्पांनी फोन पैलवानाच्या बाजूला फिरवला. "समदं ठीक हाय, बाई," ते म्हणाले. लेकीचं मन मोडू नये म्हणून ते खोटं बोलले हे मला कळत होतं, तरी त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

मग तिसरा सोमवार उजाडला. नवरदेवाला उपाशी राहून सतरा दिवस झाले होते. वर पूजेची तयारी चालली होती. स्वामीजी दहा वाजता येणार होते. आठच्या सुमारास अप्पांनी माझा दिवा लावला आणि ते जागीच थिजले. नवरदेव वाळूवर आडवा पडला होता. पंखांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि डावा डोळा ट्रिगरनं फोडला होता. पण याहून वाईट गोष्ट मला दिसत होती. पैलवान दगडाआडून निघाला होता. दोन वर्षं नवरदेवाला त्या पंखांनी वाचवलं होतं. आता पंख नव्हते, अंग वाळलं होतं. आता तो पैलवानाच्या तोंडात मावत होता.

अप्पांनी बाही वर सारली आणि हात थेट पाण्यात घालायला निघाले. तेवढ्यात गंगम्मा जिना उतरून आल्या. कपाळावर विभूती, पोटात कालपासून अन्न नाही. त्यांनी अप्पांचं मनगट धरून मागं ओढलं. काट्यांचं विष त्या विसरल्या नव्हत्या. एका हातानं नवऱ्याला धरून दुसऱ्या हातानं त्यांनी लेकीला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं दाखवलं. ट्रिगर, डोळा, गोळ्यांचा गाळ, सगळं.

दामिनी रडली नाही. ती एकेक गोष्ट सांगत गेली. आधी भाजी धुवायची जाळीदार टोपली नवरदेवावर पालथी घाला. पैलवान हातभरावर आला होता. गंगम्मांनी चिमट्यानं टोपली खाली ढकलली, ती एकदा कलंडली, माझा जीव टांगणीला लागला. दुसऱ्यांदा ती नीट बसली. पैलवानाचं तोंड जाळीवर आपटलं. मग दिवा बंद करा, दामिनी म्हणाली. अंधार होताच ट्रिगर दगडाच्या भोकात शिरला आणि आपल्या पाठीवरचा काटा रोवून अडकून बसला. ही त्याची सवय तिला ठाऊक होती. अप्पांनी तो अख्खा दगडच त्याच्यासकट उचलला आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला, वर हवेची नळी सोडली.

"आता नवरदेवाला खायला पाहिजे," दामिनी आईला म्हणाली. "आजच. उद्यापर्यंत तो राहणार नाही. आणि झिंगाच पाहिजे, अव्वा."

वरून उदबत्तीचा वास येत होता. अप्पा हळूच म्हणाले की पूजा होऊ द्या, संध्याकाळी बघू. गंगम्मांनी वाळूवर पडलेल्या त्या जिवाकडं बघितलं.

"उपास म्या धरलाय," त्या म्हणाल्या. "त्यानं न्हाई धरला. आपण धरवला त्याला."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या स्वतः बाजारात गेल्या. ज्या गल्लीतून त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या त्या गल्लीत, श्रावणातल्या सोमवारी. परत आल्या तेव्हा हातात काळी पिशवी होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. दामिनी फोनवरून सांगत होती आणि त्या झिंगा सोलत होत्या. त्यांनी टोपली जराशी उचलली, चिमट्यात झिंगा धरला आणि हलवला. नवरदेव हलला नाही. पुन्हा हलवला. नाही. अप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

"अव्वा, त्या बाजूचा डोळा गेलाय त्याचा," दामिनी म्हणाली. "उजवीकडून दाखव."

गंगम्मांनी हात उजवीकडं नेला. झिंगा हलला. नवरदेवानं काड्या झालेले पंख कसेबसे उचलले, तोंड पुढं केलं आणि घास आत ओढला. गंगम्मा तिथंच स्टुलावर बसल्या आणि रडू लागल्या. मग उठून त्यांनी अंगावरून पाणी घेतलं आणि त्या वर गेल्या. स्वामीजी येऊन बसले होते. गंगम्मांनी त्यांना काय सांगितलं आणि ते काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. मी तळमजल्यावर असते. पूजा उशिरा झाली आणि झाली, एवढंच मला कळलं.

नवरदेव जगला. पंखांना पुन्हा झालरी फुटल्या, डोळा मात्र गेला तो गेलाच. ट्रिगरला वेगळी टाकी मिळाली. तो दुष्ट नव्हता, मित्रांनो, त्याला चुकीच्या घरात सोडलं होतं. दामिनी परत आली तेव्हा अप्पा तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. मासा मेला नव्हता, पण अर्धा गेलाच होता, त्यामुळं अट पूर्ण झाली होती का मोडली होती ते कोणालाच सांगता येईना. शेवटी गंगम्माच म्हणाल्या की टाकी कुठंही जाणार नाही.

हल्ली सोमवारी त्या स्वतः उपाशी असतात, आणि चिमटा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहतात. नवरदेवाला उजव्या बाजूनं भरवतात. मगच पूजेला बसतात.

मित्रांनो, तुम्हीही एखादा जीव घरी आणाल. मासा आणा, पोपट आणा, कुत्रं आणा. मी एक म्हातारी टाकी, तुम्हाला हात नाही जोडू शकत. पण आणण्याआधी एवढं विचारा, की याला काय लागतं आणि ते द्यायची माझी तयारी आहे का. तयारी नसेल तर लांबूनच बघा, खुशाल बघा. पण आपला उपास त्या मुक्या जिवावर लादू नका. त्याला भूक लागली हेही तो सांगू शकत नाही, आणि मीही नाही.