दोन बोटं वर

लिव्योने स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली सारून चौकट उपटली आणि गिअरच्या दांड्याभोवतीची चामड्याची पिशवी वर उचलली, तशी आतल्या आंबूस, उग्र वासाची झुळूक थेट त्याच्या तोंडावर आली. त्याने मान फिरवली. बाही नाकाला लावून पुन्हा आत पाहिलं. उंदरांनी तिथे घर केलं होतं. सीटमधला फोम, कागदाचे कपटे, लेंड्या आणि त्या सगळ्याला चिकटून वाळलेली चार पिलं, शेंगदाण्याएवढी.

तो दाराबाहेर थुंकला.

तीन वर्षं गाडी गोठ्यामागच्या छपरात उभी होती. कोपर शहरातला एक माणूस ती रविवारी संध्याकाळी न्यायला येणार होता. डोंगरचढणीच्या शर्यतीत धावलेली गाडी म्हणून त्याला तिचं अप्रूप होतं. पुढचा चेपलेला पत्राही त्याला तसाच हवा होता. फोनवर त्याने एकच मागणी केली होती, गिअरचं ते फाटकं बूट तेवढं बदला. गॅरेजातली माणसं त्या पिशवीला बूटच म्हणत. नवं बूट टपालाने आलं होतं. अर्ध्या तासाचं काम.

लिव्योने चिमट्याने पिलं उचलली, चिंधीत गुंडाळली, जुन्या ब्रशने आतलं खरवडून काढलं. मुताने तिथल्या पत्र्यावरच्या रंगाचे पोपडे सुटले होते. प्रत्येक वेळी श्वास रोखून तो आत वाकायचा आणि ताठ झालेला उजवा गुडघा बाहेर लांब करून ठेवायचा. साफ झाल्यावर नव्या बुटाचं माप ताडून पाहावं म्हणून त्याने जुनं पुन्हा खाली बसवलं, चौकट दाबली आणि दांडा तिसऱ्यात टाकला.

दांडा क्षणभर थांबला आणि मग आपसूक मागे आला. न्यूट्रलमध्ये.

"हा बघा एर्मानोचा गिअरबॉक्स," तो म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. तुटक्या चेस्टनटच्या झाडापाशी, वळणाच्या तोंडावर, तिसरा सुटला, इंजिनाने धरून ठेवलेली गाडी मोकळी झाली आणि दगडी भिंतीत घुसली. लिव्योचा गुडघा गेला, शर्यती संपल्या. गिअरबॉक्स त्याच्या लहानपणापासूनच्या मित्राने, एर्मानोने, बांधला होता. कुबड्या घेऊन लिव्यो पहिल्यांदा गुत्त्यात गेला तो रविवार होता, चर्च सुटल्यावरची गर्दी होती. "पेटीत दोष नव्हता रे, मी उघडून पाहिली," एवढंच एर्मानो म्हणाला. लिव्यो त्याच्या वाइनच्या पेल्यात थुंकला. सगळ्यांसमोर. एर्मानोने पेला टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. त्यानंतर एकाही शर्यतवाल्याने त्याच्याकडे गाडी नेली नाही.

लिव्योने पुन्हा तिसरा टाकला. पुन्हा सुटला. त्याने वैतागून चौकट उपटली आणि चामडं मोकळं असतानाच पुन्हा तिसरा टाकला, तर दांडा तिसऱ्यातच राहिला. त्याने दांड्याला हलवलं. तळव्याने ठोकलं. दांडा जागचा हलेना. चौकट दाबून बसवली, दांडा मागे आला. उपटून तिसरा टाकला, टिकला. त्याने हे इतक्या वेळा केलं की चौकटीची एक खुंटी मोडली.

मग त्याने सशाची कातडी सोलावी तसं बूट उलटं करून वर ओढलं आणि दांड्याला ते कुठे बांधलंय ते पाहिलं. प्लास्टिकची पट्टी नव्हती. मेण लावलेला काळा दोरा होता, तीन वेढे आणि एक चपटी, बाजूला फास सोडलेली गाठ. ही गाठ दर जानेवारीत त्यांच्या स्वयंपाकघरात शेकड्यांनी पडायची. त्याची बायको मिरेल्ला सॉसेजची तोंडं अशीच बांधायची.

आता त्याला आठवलं. शर्यतीच्या आधी पंधरा दिवस इटलीहून नवा आखूड दांडा आला होता. जुनं बूट त्यावर ढिलं पडून चोळामोळा दिसत होतं. शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी मिरेल्लाने ते दोन बोटं वर ओढून बांधलं, कारण तिला सुरकुती खपत नसे, मग ती चादरीवर असो की गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लिव्यो गाडीत बसला, हात फिरवला आणि म्हणाला होता, "कारखान्यातून आल्यासारखं दिसतंय."

त्याने दोरा कापला. बूट हातात घेऊन तो एर्मानोच्या घराकडे निघाला. मुताचा वास आता हातांनाही येत होता.

*

एर्मानो अंगणातल्या टेबलावर गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता. लिव्योने बूट त्याच्यापुढे ठेवलं.

"उचल ते," एर्मानो म्हणाला. "इथे मी जेवतो."

लिव्योने ते उचलून हातात धरलं. तीन वर्षांत दोघांमधलं हे पहिलं वाक्य होतं.

"चौकट बसवली की तिसरा सुटतो," लिव्यो म्हणाला. "काढली की टिकतो."

एर्मानोने पात्यावरून अंगठा फिरवला. "चामडं आहे. तीन वर्षांत आक्रसतं."

सुटकेची ही वाट त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती, हे लिव्योला कळलं. तिच्यातून निघून घरी जाता आलं असतं.

"तेव्हा कसं होतं, ते विचारतोय."

"असंच. गाडी खाली आणली त्या दुपारी मी चार वेळा तिसरा टाकून पाहिला."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? तू शुद्धीत नव्हतास. मिरेल्ला दवाखान्याच्या बाकावर बसलेली, तुझं रक्त लागलेला कोट घालून. गाठ कुणाची ते मला दिसत नव्हतं का? पंचवीस वर्षं तुमच्या घरचे सॉसेज खाल्लेत मी. तिला जाऊन सांगायचं, की बाई, हे तू केलंस?"

"मला सांगायचं. नंतर."

"नंतर तू माझ्या पेल्यात थुंकलास," एर्मानो म्हणाला. "त्यानंतर सांगितलं असतं तर ते उट्टं काढल्यासारखं झालं असतं. आणि तू तिला सांगितलं असतंस. तुझं तोंड मला माहीत आहे."

लिव्योच्या तोंडात नुसतीच लाळ जमत होती आणि ती गिळवत नव्हती. त्या रविवारी पेल्यात पडलेली आपली थुंकी, वाइनवर तरंगणारी, पांढरी, त्याला स्पष्ट दिसली.

"घरी जा," एर्मानो म्हणाला. "नवं बूट बांधताना दांड्यावरच्या कड्याच्या, कॉलरच्या खाली बांध. सहाही गिअर टाकून बघ. सगळीकडे थोडं ढिलं राहिलं पाहिजे. सुरकुत्या पडू देत."

शुक्रवारी त्याने तसंच केलं. नवं बूट उलटं करून दांड्यावरून खाली सरकवलं, कॉलरच्या खाली प्लास्टिकची पट्टी आवळली, शेपूट छाटलं, मग मोज्यासारखं सुलटं करून चौकट बसवली. मोडलेल्या खुंटीच्या जागी एक स्क्रू मारला. एकेक गिअर टाकून पाहिला. तिसरा टाकून तो गाडीतून उतरला, छपराला फेरी मारून आला. दांडा तिथेच होता. त्याने साबणाने हात धुतले, मग व्हिनेगरने, मग पुन्हा साबणाने.

*

रविवारी चर्च सुटल्यावर तो मिरेल्लाला घेऊन गुत्त्यात गेला. दोन टेबलं भरली होती. एर्मानो नव्हता, तो तेव्हापासून इकडे येतच नसे. लिव्यो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून तो म्हणाला,

"एर्मानोच्या पेटीत दोष नव्हता. गिअरचं बूट मी ताणून बांधलं होतं. त्यानेच तिसरा सुटला. चूक माझी."

जुस्तोने, ज्याने सगळ्यांत आधी आपली गाडी एर्मानोकडून काढून नेली होती, ओठांवरची वाइन पुसली.

"मला तेव्हाच वाटलं होतं," तो म्हणाला. "एर्मानोचा हात असा चुकायचा नाही."

"मी तर बायकोला म्हणालोही होतो," दुसरा कुणी म्हणाला.

"आपल्याला तर ठाऊकच होतं."

सगळे माना डोलावू लागले. कुणीतरी लिव्योच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी त्याच्यासाठी पेला भरला. लिव्योने काठोकाठ भरलेल्या त्या पेल्याकडे पाहिलं. पेल्याला हात न लावता तो बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर मिरेल्ला घरच्या गाडीत त्याच्या शेजारी बसली होती. हात मांडीवर, बोटं एकमेकांत.

"तुला गाठ मारता येत नाही, लिव्यो," ती म्हणाली.

लिव्योने वळणासाठी गिअर खाली घेतला.

"बत्तीस वर्षांत तू कधी पोत्याचं तोंड बांधलेलं नाहीस. गुडघा गेल्यापासून तुझ्या नाड्याही मीच बांधते. ते बूट मी बांधलं होतं."

"मिरेल्ला."

"त्याला माहीत होतं?"

खोटं बोलायचं ठरवून आलेल्या लिव्योला ते एकदाच जमलं होतं. दुसऱ्यांदा जमेना.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने बोटं सोडवली आणि हात मांडीवरून उचलून धरले, जसं काही ते खरकटे होते आणि कपड्याला लागू द्यायचे नव्हते. गेली तीन वर्षं एर्मानोची बहीण दुकानात समोर आली की मिरेल्ला दुसऱ्या फळ्यांकडे वळायची. एकदा तर तिने एर्मानोला चर्चच्या दारात पाहून रस्ता ओलांडला होता, जणू त्याचा विटाळ होईल.

"थांबव," ती म्हणाली.

त्याला वाटलं, तिला उलटी होतेय. त्याने गाडी कडेला घेतली. ती उतरली, पण वाकली नाही. एर्मानोच्या घराकडे चढणारी खडीची वाट तिथूनच फुटत होती.

"थांब, मी पण येतो," लिव्यो म्हणाला आणि दार उघडून ताठ पाय बाहेर काढू लागला.

"तू नको," ती म्हणाली. "तू तुझं बोललास."

ठेवणीतले उंच टाचांचे जोडे खडीत रुतत होते. ती हात अंगापासून लांब धरून चढत राहिली.